वास कोणत्या रकान्यात लिहायचा? माहुलचं प्रकरण

हिवाळ्यात शिवडीच्या धक्क्यावर फ्लेमिंगो पाहायला गेलं की पलीकडच्या किनाऱ्यावर गोल टाक्या आणि उंच चिमण्या दिसतात. फोटो काढणारे त्या चौकटीबाहेर ठेवायची बरीच कसरत करतात. तो किनारा माहुलचा. पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्यांच्या कागदावर ‘शिवडी-माहुल’ हे जोडनाव पक्कं आहे. पण पक्षी पाहायला माणसं शिवडीला जातात आणि माहुलला राहायला.

प्रकरण त्या राहण्याचं आहे. स्थानिक लोकांनी हवेची तक्रार केली, ती मोजली गेली, राष्ट्रीय हरित लवादापर्यंत, म्हणजे पर्यावरणाचे तंटे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापर्यंत पोचली, कोट्यवधींचा दंडही झाला. कागदावर पाहिलं तर नागरिकांच्या लढ्यांत इतकं पुढे गेलेलं दुसरं उदाहरण मुंबईत सहज सापडणार नाही. तरी माझ्या मते यातली खरी गोष्ट दंडाची नाही. काय मोजलं गेलं आणि काय मोजायचं राहिलं, यावर हे सगळं प्रकरण फिरलं.

आधी जागा समजून घेऊ. माहुल हा जुना कोळीवाडा, आंबापाडा ही त्याला लागून असलेली वस्ती. स्वातंत्र्यानंतर मुंबईचा अवजड उद्योग तुर्भे-चेंबूरच्या या कोपऱ्यात येऊन बसला. १९५४ मध्ये स्टॅनव्हॅकची रिफायनरी (आजची हिंदुस्तान पेट्रोलियम), १९५५ मध्ये बर्मा शेलची (आजची भारत पेट्रोलियम), १९५६ मध्ये टाटांचं औष्णिक वीजकेंद्र, साठच्या दशकात खत कारखाना, म्हणजे आजचं आरसीएफ. पुढे बंदरातून येणारी द्रवरूप रसायनं आणि इंधनं साठवणाऱ्या खासगी टाक्या आल्या. ‘आधी कारखाने होते, मग झोपड्या आल्या’ हे वाक्य मुंबईत नेहमी ऐकू येतं, आणि काही ठिकाणी ते खरंही असेल. माहुलच्या कोळ्यांना ते लागू होत नाही. ते आधीपासून होते.

चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणायची पद्धत आता इतकी जुनी झाली आहे की त्यातला विनोद कधीच संपला. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशभरातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले. ७० किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे अतिगंभीर. चंद्रपूर, डोंबिवली, तेव्हाचं औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर ही महाराष्ट्रातली ठिकाणं त्या रेषेच्या वर गेली, आणि तिथं नव्या प्रकल्पांवर काही काळ बंदी आली. चेंबूरला मिळाले ६९.१९. परीक्षेत एका गुणानं नापास होणारं पोर सगळ्यांनी पाहिलेलं असतं. इथं पाऊण-एक गुणानं सुटका झाली.

नाकाला कळतं, यंत्राला नाही

माहुलमधल्या तक्रारीचा शब्द ‘धूर’ नाही, ‘वास’ आहे. संध्याकाळनंतर वास सुटतो, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो, छातीत काहीतरी अडकल्यासारखं होतं. हा वास नेहमी चिमणीतूनच येतो असं समजायचं कारण नाही. पेट्रोल, नॅफ्था, सॉल्व्हंट अशा पदार्थांचा मोठा भाग जळून नव्हे तर उडून हवेत जातो. ज्यांच्या घरी रॉकेलचा डबा होता त्यांना हे सांगायला नको: डबा उन्हात राहिला की झाकण उघडताच फुस्सकन वाफ यायची, आणि डबा भरायला घेतला की आतली हवा वासासकट बाहेर पडायची. किनाऱ्यावरच्या टाकीचं तेच होतं, फक्त डबा काही हजार घनमीटरचा असतो. दिवसा तापते, रात्री निवते, म्हणजे ती रोज श्वास घेते आणि सोडते. टँकर भरताना आणि जहाजातून माल उतरवताना तर वाफ ढकललीच जाते. शिवाय हजारो व्हॉल्व्ह, फ्लँज (नळ्यांचे सांधे) आणि पंपांची सील, प्रत्येकातून थोडं थोडं. या सगळ्या वाफांना मिळून बाष्पनशील सेंद्रिय संयुगं म्हणतात. बोलताना सगळे व्हीओसीच म्हणतात.

मोबाइलवर दिसणारा हवेचा निर्देशांक हे सगळं पाहतो का? नाही. २०१५ पासून आपल्याकडे वापरात असलेला एक्यूआय आठ घटकांवर चालतो: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. यात बेंझीन नाही, टोल्युइन नाही; ही दोन्ही व्हीओसीच. २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीनला वार्षिक सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रतिघनमीटर ही मर्यादा आहे, पण निर्देशांकात ते धरलं जात नाही. एकूण व्हीओसीसाठी तर बाहेरच्या हवेचं मानकच नाही. म्हणून एखाद्या रात्री माहुलच्या खोलीत बाई खिडक्या लावून, पदर नाकाला लावून बसलेली असू शकते, आणि त्याच वेळी चेंबूरचा आकडा हिरवा-पिवळा दिसू शकतो. दोघंही खोटं बोलत नसतात. यंत्राला तो प्रश्नच विचारलेला नसतो.

हल्ली सोसायट्यांच्या गच्चीवर बसवतात त्या स्वस्त सेन्सरांचंही हेच. आत छोटा लेझर असतो, हवेतल्या कणावर आदळून प्रकाश विखुरतो, त्यावरून यंत्र धूळ मोजतं. बांधकामाच्या धुळीसाठी, शेकोट्यांच्या धुरासाठी हा उत्तम चौकीदार. वाफेला कण नसतात. माहुलमध्ये असे पन्नास सेन्सर लावले तरी पन्नास ठिकाणी चुकीच्याच गोष्टीची अचूक नोंद होईल.

तक्रारीचा आकडा झाला

माहुलच्या रहिवाशांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. अर्जांचं काय होतं ते ठाऊकच आहे: प्रदूषण मंडळाचा क्षेत्र अधिकारी येतो तेव्हा वास गेलेला असतो. अधिकारी येतो सकाळी अकराला, वास येतो रात्री अकराला. यात कुणाचा दुष्टावा असायला हवा असंही नाही. कार्यालयाची वेळ आणि वाऱ्याची वेळ जुळत नाही, इतकंच. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर उबदार थराचं झाकण पडतं, वारा जवळजवळ थांबतो. दिवसा समुद्रावरचा वारा जे पसरवून टाकतो ते तेव्हा वस्तीत मुक्कामाला राहतं.

कोंडी फुटली ती दुसऱ्या बाजूनं. २०१३ मध्ये केईएम रुग्णालयाच्या श्वसनविकार विभागानं परिसरातल्या लोकांची पाहणी केली. हवा मोजण्याऐवजी माणसांना विचारलं. पाहणीतल्या ६७.१ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा दम लागत असल्याचं सांगितलं, ८६.६ टक्क्यांनी डोळ्यांची जळजळ, तर ८४.५ टक्क्यांनी छाती कोंडल्यासारखी होत असल्याचं सांगितलं.

या आकड्यांवर शंका घेणं सोपं आहे. हे लक्षणांचे आकडे आहेत, निदानाचे नाहीत, आणि लोक आपल्या त्रासाबद्दल सांगतात तेव्हा राग त्यात मिसळतोच. पण मला यात कौशल्य दिसतं. निर्देशांकाच्या आठ घटकांत जे बसत नव्हतं ते इथं माणसाच्या शरीरावर मोजलं गेलं, आणि मोजणारं होतं महापालिकेचं मोठं रुग्णालय. हे काम एखाद्या संस्थेनं केलं असतं तर ‘आंदोलकांचा सर्व्हे’ म्हणून बाजूला सरकवता आलं असतं. केईएमचा कागद असा सरकवता येत नाही.

२०१४ मध्ये आंबापाडा-माहुलच्या कोळी रहिवाशांनी राष्ट्रीय हरित लवादाच्या पुण्यातल्या पश्चिम विभागीय पीठापुढे अर्ज केला. समोर होत्या साठवण टाक्या चालवणाऱ्या कंपन्या, दोन्ही रिफायनरी आणि नियामक यंत्रणा. १८ डिसेंबर २०१५ ला निकाल आला. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे, असं लवादानं नोंदवलं आणि प्रदूषण कमी करण्याचा आराखडा तयार करायला सांगितलं. मानक नाही म्हणून त्रासही नाही, हा जो जुना आडोसा होता, तो या निकालानं बराच पातळ झाला.

इथवरची गोष्ट सरळ आहे: गावानं तक्रार केली, मोजणी झाली, निकाल लागला. यानंतर ती वेगळ्याच माणसांच्या हातात गेली.

पाइपलाइनवरून माहुलला

मुंबईला पाणी आणणाऱ्या तानसा जलवाहिनीच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर पट्टा मोकळा करायचा, असे उच्च न्यायालयाचे आदेश होते. विद्याविहार, घाटकोपर आणि आसपासच्या झोपड्या हटल्या. पात्र कुटुंबांना पर्यायी घरं मिळाली ती माहुलच्या एव्हरस्माइल वसाहतीत: सात मजल्यांच्या ७२ इमारती, १७,२०५ खोल्या, प्रत्येक खोली २२५ चौरस फुटांची. शेजारी रिफायनरी.

काळाचा क्रम जरा पाहा. डिसेंबर २०१५ मध्ये लवाद म्हणतो, इथली हवा आरोग्याला धोकादायक. २०१७ मध्ये त्याच ठिकाणी हजारो माणसं राहायला नेली जात आहेत. उजव्या हातानं काय लिहिलं ते डाव्या हाताला माहीत नव्हतं असं म्हणावं, तर निकाल जाहीर होता. मला यात कट दिसत नाही, निबरपणा दिसतो. रिकाम्या इमारती होत्या, हटवायची माणसं होती, दोन्ही याद्या जुळवल्या गेल्या. हवा हा त्या यादीतला रकानाच नव्हता.

नव्याने आलेल्यांची स्थिती कोळ्यांहून वाईट होती, एका अर्थानं. कोळ्यांचं गाव होतं, खाडी होती, त्यांना तिथंच राहायचं होतं आणि वास जायला हवा होता. पाइपलाइनवरून आलेल्यांचं कामधंदा, मुलांच्या शाळा, ओळखीचा डॉक्टर, सगळं मागे राहिलं होतं. त्यांना स्वतःच जायचं होतं. दोन मागण्या, दिशा उलट. एकाला माहुल सुधारायला हवं, दुसऱ्याला माहुल सोडायला. तरी दोघांच्याही हातात पुरावा तोच: केईएमचे आकडे आणि २०१५ चा निकाल. ज्यांच्यासाठी ती मोजणी झालीच नव्हती त्यांनी ती उचलली आणि उच्च न्यायालयात नेली. सार्वजनिक यंत्रणेनं केलेल्या मोजणीचं हे मोल असतं. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल पैसे देणाऱ्याच्या कपाटात राहतो.

८ ऑगस्ट २०१८ ला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन आग लागली. चाळीसच्या वर माणसं जखमी झाली. त्याआधी प्रश्न फुप्फुसाचा होता, त्या दिवशी तो अंतराचाही झाला. ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस माहुलच्या कुटुंबांनी विद्याविहारला पाइपलाइनजवळच ठाण मांडलं. जिथून हटवलं होतं तिथंच येऊन बसले. ‘आम्हाला घर नको होतं असं नाही, हे घर नको’ हे सांगायला यापेक्षा नेमकी जागा मिळाली नसती.

२३ सप्टेंबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयानं आदेश दिला: माहुलला कुणालाही सक्तीनं पाठवू नये, तिथं नेलेल्यांना दुसरीकडे घर द्यावं, आणि ते मिळेपर्यंत दरमहा १५,००० रुपये भाडं आणि अनामत म्हणून ४५,००० रुपये द्यावेत. स्वच्छ हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग आहे, हे तत्त्व आपल्याकडे नवं नाही. या प्रकरणात त्याला भाड्याचा आकडा मिळाला. मुंबईत तत्त्वाला रुपयांत उतरवल्याशिवाय ते कुणी ऐकत नाही, हे न्यायालयालाही माहीत असावं.

दंड आणि टाक्या

इकडे मूळ प्रकरण लवादात चालूच होतं. १३ ऑगस्ट २०२० ला लवादाच्या मुख्य पीठानं चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटींचा भार टाकला: एजिस लॉजिस्टिक्स १४२ कोटी, हिंदुस्तान पेट्रोलियम ७६.५ कोटी, भारत पेट्रोलियम ६७.५ कोटी आणि सी लॉर्ड कंटेनर्स २० लाख.

बातम्यांत रिफायनरींची नावं मोठ्या अक्षरांत आली. माझी नजर मात्र पहिल्या आकड्यावर थांबली. सर्वात मोठा वाटा रिफायनरीचा नव्हे, टाक्या चालवणाऱ्या कंपनीचा. चिमणी दिसते, ज्योत दिसते, म्हणून दोषही तिलाच द्यावासा वाटतो. टाकी शांत उभी असते, रंगही बहुधा पांढरा. वर रॉकेलच्या डब्याची गोष्ट सांगितली ती यासाठी.

कमी करण्याचे उपायही तिथंच आहेत, आणि ते अवघड विज्ञान नाहीत. टाकीचं छत द्रवावर तरंगतं ठेवायचं म्हणजे वर वाफेला पोकळी राहत नाही. छताच्या कडेला दुहेरी सील लावायचं. टँकर भरताना बाहेर ढकलली जाणारी वाफ नळीनं परत ओढून घ्यायची आणि थंड करून पुन्हा द्रव करायची. व्हॉल्व्ह आणि सांध्यांची हातातल्या उपकरणानं ठराविक मुदतीनं तपासणी करायची, गळका सांधा सापडला की दिवस मोजून दुरुस्त करायचा. वाफ म्हणजे शेवटी कंपनीचाच माल. ती अडवली तर काही पैसे परत येतात. तरीही कुणीतरी मागे लागल्याशिवाय हे होत नाही, कारण उडालेला माल वहीत ‘घट’ म्हणून लिहायची सोय असते.

जे राहून गेलं

माहुलच्या प्रकरणात सगळ्यांनी मोजलं: रुग्णालयानं, मंडळांनी, समित्यांनी. ज्यांच्या नाकाशी वास आला त्यांची स्वतःची, तारीखवार, सलग नोंद मात्र या साऱ्याच्या मध्यभागी कधी आली नाही. ही उणीव मला सर्वात मोठी वाटते.

तमिळनाडूत कडलूरच्या सिपकॉट औद्योगिक वसाहतीलगतच्या गावकऱ्यांनी २००४ मध्ये हे करून पाहिलं होतं. कोणता वास कोणत्या कारखान्याच्या दिशेनं, किती वाजता, याच्या नोंदी त्यांनी ठेवल्या. वास तीव्र झाला की प्लास्टिकच्या बादलीत बसवलेल्या खास पिशवीत हवा ओढून घ्यायची आणि नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. बादलीची ही रीत नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियात, रिफायनरीजवळच्या वस्त्यांसाठी तयार झाली. कडलूरच्या नमुन्यांत वीसहून अधिक रसायनं निघाली. वास गेल्यावर येणाऱ्या अधिकाऱ्याचा प्रश्न तिथं बादलीनं सोडवला: वासच डांबून ठेवला.

माहुलसारख्या ठिकाणी कुणी आज सुरुवात करणार असेल तर मी आधी यंत्र घेऊ देणार नाही. शंभर पानी वही पुरे. वेळ, वारा कुठून, वास कसा, आणि कुणाला काय झालं. ‘उग्र वास’ असं लिहून भागत नाही. सडक्या अंड्यासारखा असेल तर हायड्रोजन सल्फाइडचा संशय. नाकात सुई टोचल्यासारखा असेल तर अमोनिया. रंगाच्या थिनरसारखा गोडसर असेल तर सॉल्व्हंट. पेट्रोल पंपावर येतो तसा असेल तर इंधनाची वाफ. तीन-चार घरांनी एकमेकांना न विचारता लिहावं, मग जुळवावं. दोन महिन्यांत वहीच सांगते की नमुना कधी आणि कुठे घ्यायचा. नुसती एकूण व्हीओसी दाखवणारी हातातली यंत्रं मिळतात, पण ती ‘काहीतरी आहे’ एवढंच सांगतात. बेंझीन की आणखी काही, ते प्रयोगशाळाच सांगते. आणि प्रयोगशाळेची एकेक चाचणी महाग असते, म्हणून वही आधी.

वही न्यायालयात पुरावा म्हणून टिकेल का, असं वकील विचारतात. एकटी नाही टिकणार. पण प्रदूषण मंडळाला ‘रात्री दहा ते एक या वेळेत, अमुक दिशेचा वारा असताना नमुने घ्या’ असं सांगायला ती पुरते, आणि तेवढंच इथं हवं होतं.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर मुंबईची हवा बिघडली तेव्हा शहरभर गवगवा झाला. महापालिकेनं मोठ्या बांधकामांना ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले, हिरवी कापडं आली, पाण्याचे फवारे आले. धुळीसाठी हे सगळं योग्यच. त्या गदारोळात माहुलचा वास कुणाला आठवला नाही, कारण शहर ज्या आकड्यावर घाबरलं त्या आकड्यात तो नव्हताच.

एव्हरस्माइलमधली काही कुटुंबं दुसरीकडे गेली, काही तिथंच राहिली, आणि हजारो खोल्या रिकाम्या पडून राहिल्या. २०२५ मध्ये महापालिकेनं त्यातल्या ९,०९८ खोल्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या, किंमत १२ लाख ६० हजार रुपये. मुंबईत, मालकी हक्कानं, बारा लाख साठ हजारांत. ज्या शहरात या पैशांत धड गॅरेज मिळत नाही तिथं अर्जांची मुदत वाढवावी लागली.